रुग्णालयाचे देणे आणि माणसाची पत

अमेरिकेत सामान्य ग्राहकाच्या आर्थिक हितरक्षणाचे काम ज्या सरकारी कार्यालयाकडे सोपविलेले आहे, त्या ‘कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो’ने मार्च २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात असे नमूद केले की, त्या देशातील लोकांच्या क्रेडिट रिपोर्टांत, म्हणजे पतअहवालांत, औषधोपचाराच्या थकबाकीच्या ज्या नोंदी आहेत त्यांची बेरीज सुमारे ८८ अब्ज डॉलर भरते, अशा नोंदी असलेले अहवाल ४ कोटी ३० लाखांच्या घरात आहेत, आणि वसुली संस्थांकडे गेलेल्या ज्या थकबाक्या या अहवालांत आढळतात त्यांपैकी ५८ टक्के एकट्या औषधोपचाराच्याच आहेत. या आकड्यांचे गांभीर्य ध्यानात यावयाचे तर त्या देशात पतअहवालाला काय स्थान आहे ते आधी समजून घेतले पाहिजे. घरासाठी किंवा मोटारीसाठी काढावयाचे कर्ज, त्यावरील व्याजाचा दर, भाड्याने घ्यावयाची जागा, आणि कित्येकदा नोकरी, यांपैकी प्रत्येक गोष्टीचा निर्णय होण्यापूर्वी समोरचा पक्ष हा अहवाल मागवून पाहतो. म्हणजे ज्याने कधी उधळपट्टी केली नाही, कोणाचा पैसा बुडविला नाही, केवळ अकस्मात आजारी पडला, त्याचे ते आजारपण बरे झाल्यानंतरही कित्येक वर्षे त्याच्या पाठीमागे चालत राहते.

आपल्याकडील वाचकाला हा विषय परदेशचा म्हणून दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुलगा न्यू जर्सीत, लेक टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात, अशी घरे आता पुण्यामुंबईतच नव्हे तर सांगली-सोलापूरकडेही पुष्कळ आहेत, आणि लेकीसुनेच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहणारे आईवडीलही तितकेच आहेत. अशा एखाद्या कुटुंबाच्या दारी रुग्णालयाचे अथवा वसुली संस्थेचे पत्र येऊन पडले, म्हणजे आपल्या संस्कारांतून सहसा दोन प्रकारची वागणूक उमटते. कोणाचे देणे डोक्यावर ठेवू नये या शिकवणुकीत वाढलेला मनुष्य काही चौकशी न करता सगळी रक्कम तत्काळ भरून मोकळा होतो. आणि ज्याला ते शक्य नसते तो लाजेने ते पत्र खणात सारतो व घरच्या माणसांपाशीही त्याचा उच्चार करीत नाही. माझ्या मते या दोन्ही गोष्टी सारख्याच हानिकारक आहेत, कारण दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: बिल आले म्हणजे देणे सिद्ध झाले, हा. वस्तुस्थिती अशी की, अमेरिकन रुग्णालयाचे बिल हा प्रथमदर्शनी केवळ एक दावा असतो. तो विमा कंपनीने तपासावयाचा असतो, रुग्णालयाच्या स्वतःच्या सवलतीच्या नियमांतून त्याने जावयाचे असते, वसुली संस्थेकडे गेल्यास तिने त्याची रुजुवात करून द्यावयाची असते, आणि पतअहवालात चढल्यावरही त्याचा खरेखोटेपणा पुन्हा पारखला जाऊ शकतो. या प्रत्येक टप्प्यावर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला दिलेला आहे. मात्र बहुतेक हक्कांना मुदत आहे, आणि मुदत टळू देणारा मनुष्य आपला हक्क आपल्या हाताने सोडून देतो.

लोकांची पत लेखी नोंदवून ठेवण्याची ही पद्धत मुळात व्यापाऱ्यांसाठी निघाली. लुईस टॅपन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली आणि ठिकठिकाणच्या वार्ताहरांकडून दुकानदारांची ऐपत व सचोटी यांविषयीची माहिती मागवून ती वर्गणीदारांना पुरविण्यास आरंभ केला. १८९९ मध्ये अटलांटा शहरी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ निघाली. तीच आजची ‘इक्विफॅक्स’ होय, आणि ‘एक्स्पीरियन’ व ‘ट्रान्सयुनियन’ या दोन संस्थांसह ती आज जवळजवळ सगळ्या अमेरिकन प्रौढांची दप्तरे बाळगून आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दप्तरांत देण्याघेण्याच्या हकिकतीबरोबर माणसाच्या खाजगी वर्तनाविषयीच्या ऐकीव गोष्टीही लिहिल्या जात, आणि ज्याच्याविषयी त्या लिहिल्या जात त्याला स्वतःचे दप्तर पाहण्याची मुभा नसे. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या खटपटीने १९७० मध्ये ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ संमत झाला आणि आपली नोंद पाहण्याचा व चुकीची असल्यास ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला. त्यानंतर १९७७ मध्ये वसुलीदारांच्या तगाद्याला वेसण घालणारा ‘फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट’ आला. दप्तरातील या सगळ्या नोंदींवरून ३०० ते ८५० यांमधील एक अंक काढला जातो. त्यालाच क्रेडिट स्कोअर म्हणतात, आणि कर्ज मागणाऱ्याचे भवितव्य पुष्कळदा त्या एका अंकावर ठरते.

आता औषधोपचाराचे देणे इतर देण्यांच्या पंक्तीला बसविणे न्याय्य आहे काय, हा या विषयातील मर्माचा प्रश्न आहे. जो मनुष्य दुकानात जाऊन उधारीवर वस्तू घेतो त्याला किंमत ठाऊक असते, वस्तू नको असल्यास घरी परतण्याची मोकळीक असते, आणि आपण किती फेडू शकू याचा अंदाज त्याने केलेला असतो. म्हणून त्याने देणे थकविले तर त्यावरून त्याच्या पुढील वागणुकीविषयी काही अनुमान काढणे अगदीच अयोग्य नव्हे. परंतु छातीत कळ येऊन जो रात्री दोन वाजता आकस्मिक विभागात आणला जातो, त्याला किंमत कोणी सांगितलेली नसते, दुसरे रुग्णालय निवडण्याची त्याची स्थिती नसते, आणि शेवटी आकारली जाणारी रक्कम रुग्णालय, विमा कंपनी व अनेक डॉक्टर यांच्यामधील करारांवर ठरावयाची असते, ज्यांतील एकही करार त्याने पाहिलेला नसतो. त्या थकबाकीवरून त्याच्या सचोटीविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. हे केवळ दयाबुद्धीचे म्हणणे नव्हे. वर सांगितलेल्या ब्युरोनेच २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या अहवालात प्रामुख्याने औषधोपचाराची थकबाकी असते ते लोक त्यांच्या स्कोअरवरून वाटते त्यापेक्षा कर्जफेडीच्या बाबतीत अधिक भरवशाचे असतात. म्हणजे धनकोच्या स्वार्थाच्या दृष्टीनेही ही नोंद दिशाभूल करणारी ठरते.

शिवाय ही बिले चुकतात, आणि ज्या कारणांनी चुकतात ती कारणे जाणून घेण्यासारखी आहेत. एका शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाचे एक, शस्त्रवैद्याचे दुसरे, भूल देणाऱ्याचे तिसरे, क्ष-किरणतज्ज्ञाचे चौथे आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे पाचवे अशी पृथक् पृथक् बिले महिनोन्‌महिने येत राहतात, आणि त्यांतील एखाद्या डॉक्टरांच्या कंपनीचे नाव रुग्णाने आयुष्यात ऐकलेलेही नसते. तरुण कुटुंबे नोकरीनिमित्त वारंवार जागा बदलतात. बिल जुन्या पत्त्यावर जाते आणि पहिली बातमी लागते ती वसुली संस्थेच्या पत्रानेच. विमा कंपनी कधी कधी ‘तुमचा दुसरीकडे कोठे विमा आहे काय’ अशी विचारणा करणारा एक साधा कागद धाडते. जाहिरात समजून तो टाकून दिला तर उत्तर न आल्याच्या सबबीवर सगळे क्लेम अडकून पडतात. नव्या बाळाच्या बाबतीत तर एक मुदत प्रत्येक मराठी जोडप्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे: नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात बाळाचे नाव जन्मापासून ३० दिवसांच्या आत नोंदवून घेण्याचा हक्क आहे. घर पाहुण्यांनी भरलेले, आई थकलेली, बाप रजा संपून कामावर रुजू झालेला, अशा गडबडीत तो महिना कधी सरून जातो ते कळत नाही; आणि मग बाळाची कावीळ, त्याच्या रक्ताच्या तपासण्या, अतिदक्षता विभागातील दोन दिवस, या सर्वांचा खर्च विम्याबाहेर पडतो.

म्हणून बिल हाती येताच पहिले काम पैसे भरण्याचे नसून कागद जुळवून पाहण्याचे आहे. विमा कंपनी प्रत्येक क्लेमनंतर एक तक्ता पाठविते. तिकडील लोक त्याला ‘इओबी’ म्हणतात. डॉक्टरने किती मागितले, कराराप्रमाणे किती मान्य झाले, कंपनीने किती दिले आणि रुग्णाच्या वाट्याला किती आले, हे त्यात लिहिलेले असते. आणि रुग्णालयाच्या बिलातील आकडा त्या शेवटच्या आकड्याशी जुळत नसेल तर कोठे तरी काही तरी चुकले आहे असे निश्चित समजावे. दुसरे, रुग्णालयाकडे तपशीलवार बिल मागावे, ज्यात प्रत्येक तपासणी, प्रत्येक औषध आणि प्रत्येक उपचाराचा सांकेतिक क्रमांक स्वतंत्रपणे दिलेला असतो. एकच गोष्ट दोनदा लावलेली असणे, जी तपासणी झालीच नाही तिचा आकार मांडलेला असणे, असे दोष तपशील मागितल्याखेरीज उघडकीस येत नाहीत. विमा कंपनीने क्लेम नाकारला असेल तर नकाराची सूचना मिळाल्यापासून १८० दिवसांत तिच्याचकडे फेरविचाराची मागणी करता येते. तीही फेटाळली गेली आणि प्रश्न वैद्यकीय निर्णयाचा असला, तर चार महिन्यांच्या आत त्रयस्थ परीक्षकाकडे दाद मागता येते, आणि त्या परीक्षकाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या ‘नो सर्प्रायझेस ॲक्ट’ने आणखी एक मोठा अन्याय दूर केला. आकस्मिक उपचारांत, तसेच विमा कंपनीच्या करारातील रुग्णालयात गेले असता तेथे कराराबाहेरच्या भूलतज्ज्ञासारख्या डॉक्टराने सेवा दिल्यास, फरकाची रक्कम रुग्णाकडून मागण्यास आता मनाई आहे. जमिनीवरून धावणारी रुग्णवाहिका मात्र या कायद्यातून वगळली गेली, ही त्यातील खेदजनक उणीव होय. ज्याला विमा नाही, किंवा जो स्वतःच्या खिशातून पैसे देणार आहे, त्याला पूर्वनियोजित उपचाराआधी लेखी अंदाजपत्रक मिळाले पाहिजे, आणि प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक निघाले तर त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय याच कायद्यात आहे.

आता ज्या तरतुदीविषयी मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते, आणि जिच्याविषयी आपल्या लोकांना सर्वांत कमी माहिती असते, तिच्याकडे वळतो. महाराष्ट्रातील वाचकाला धर्मादाय रुग्णालयांची कल्पना आहे: सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. अमेरिकेत निम्म्याहून अधिक सर्वसाधारण रुग्णालये नफा न कमावणाऱ्या संस्थांची किंवा सार्वजनिक आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना प्राप्तिकरातून सूट मिळते. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने करसंहितेत ५०१ आर हे कलम घालून या सुटीच्या मोबदल्यात त्यांच्यावर काही कर्तव्ये लादली. प्रत्येक अशा रुग्णालयाला आर्थिक साह्याचे लेखी धोरण ठेवावे लागते, कोणत्या उत्पन्नाच्या रुग्णाला किती सवलत मिळेल हे त्यात सांगावे लागते, आणि ते धोरण रुग्णाला सहज सापडेल असे प्रसिद्ध करावे लागते. साह्यास पात्र ठरलेल्या रुग्णाकडून, विमा असलेल्या रुग्णांकडून सामान्यतः जेवढे घेतले जाते त्याहून अधिक घेता येत नाही. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून १२० दिवस उलटेपर्यंत रुग्णालयाला थकबाकी पतअहवालात चढविता येत नाही, रुग्णावर त्यासाठी दिवाणी दावा लावता येत नाही. आणि ते करण्यापूर्वी किमान ३० दिवस आधी तशी लेखी सूचना द्यावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, साह्यासाठी अर्ज करण्याची मुदत त्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांची असते. म्हणजे थकबाकी वसुलीकडे गेली, पतअहवालात चढली, तरीही मुदत शिल्लक असेल तर रुग्णाने अर्ज करावा. अर्ज येताच रुग्णालयाने वसुली तहकूब केली पाहिजे, आणि रुग्ण पात्र ठरल्यास चढविलेली नोंद काढून टाकण्याची व्यवस्था केली पाहिजे, इतकेच नव्हे तर देय रकमेपेक्षा जास्त भरलेले पैसे, ते पाच डॉलर किंवा अधिक असल्यास, परतही केले पाहिजेत. हे साह्य म्हणजे भिक्षा नव्हे. रुग्णालय जो कर भरत नाही तो कर इतर नागरिक भरतात, आणि त्याचा मोबदला म्हणून समाजाने मिळविलेला हा हक्क आहे. मध्यम उत्पन्नाची कुटुंबेही कित्येक रुग्णालयांच्या धोरणात अंशतः बसतात. म्हणून ‘ते आपल्यासाठी नाही’ असे मानून अर्जच न करणे ही मोठी चूक होय. नोकरी गेलेला, शिक्षण घेत असलेला, एकाच मिळकतीवर चार माणसे पोसणारा मनुष्य तर त्यात पुष्कळदा पूर्णपणे बसतो.

रुग्णालयाने देणे वसुली संस्थेकडे सोपविले, किंवा तिला विकूनच टाकले, म्हणजे प्रकरणाचे स्वरूप पालटते. अशी थकबाकी बाजारात किती स्वस्त मिळते याचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१६ मध्ये घडले: दूरचित्रवाणीवरील जॉन ऑलिव्हर यांच्या कार्यक्रमाने सुमारे दीड कोटी डॉलरची औषधोपचाराची थकबाकी अवघ्या ६० हजार डॉलरना विकत घेतली आणि जवळपास नऊ हजार ऋणकोंना ती माफ केली. ते काम ज्या संस्थेमार्फत पार पडले ती आज ‘अन्ड्यू मेडिकल डेट’ या नावाने ओळखली जाते आणि हेच कार्य नित्य करते. वसुलीच्याच धंद्यात आयुष्य घालविलेल्या दोघा गृहस्थांनी २०१४ मध्ये ती काढली. इतक्या स्वस्तात विकत घेतलेल्या खात्याबरोबर मूळ कागदपत्रे क्वचितच येतात; पुष्कळदा नाव, पत्ता आणि एक आकडा एवढीच यादी असते. म्हणूनच रुजुवात मागण्याच्या हक्काला एवढे महत्त्व आहे. वसुली संस्थेची पहिली लेखी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ऋणकोने लेखी हरकत घेतली, तर देणे कोणाचे, कितीचे व मूळ कोणत्या रुग्णालयाचे याची रुजुवात करून ती त्याला पाठवीपर्यंत त्या संस्थेने वसुली थांबविली पाहिजे. हरकतीचे पत्र पोचपावतीसह टपालाने धाडावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. तोपर्यंत दूरध्वनीवर काहीही कबूल करू नये, ‘निदान वीस डॉलर तरी भरा’ या आग्रहाला बळी पडू नये. कारण प्रत्येक राज्यात दाव्याची कालमर्यादा ठरलेली असते, आणि कित्येक राज्यांत किरकोळ रक्कम भरली तरी ती मर्यादा नव्याने सुरू होते. सकाळी आठपूर्वी व रात्री नऊनंतर दूरध्वनी करण्यास या संस्थांना मनाई आहे, सात दिवसांत एका देण्यासाठी सातांहून अधिक वेळा फोन करता येत नाही, आणि ऋणकोशी बोलल्याशिवाय किंवा त्याला पत्र पाठवून वाजवी काळ थांबल्याशिवाय नोंद गुपचूप पतअहवालात चढविणेही नोव्हेंबर २०२१ पासून निषिद्ध झाले आहे. रुग्णालय स्वतःच्या नावाने वसुली करीत असेल तर मात्र वसुलीदारांविषयीचा १९७७ चा केंद्रीय कायदा त्याला लागू होत नाही, हे ध्यानात असावे.

पतअहवालात कोणती नोंद राहू शकते याचे नियम गेल्या दहा वर्षांत पुष्कळ बदलले, आणि ते बदल बहुतांशी रुग्णाच्या बाजूचे आहेत. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या तडजोडीत तिन्ही संस्थांनी औषधोपचाराची थकबाकी १८० दिवस न नोंदविण्याचे व विमा कंपनीने पुढे भरलेली नोंद काढून टाकण्याचे मान्य केले. मग १ जुलै २०२२ पासून फेडलेले देणे अहवालातून समूळ काढले जाऊ लागले आणि १८० दिवसांऐवजी एक वर्षाची सवड मिळाली. ११ एप्रिल २०२३ पासून मूळ रक्कम ५०० डॉलरांहून कमी असलेल्या नोंदीही हटविण्यात आल्या. यानंतर दीड कोटी लोकांच्या अहवालांत सुमारे ४९ अब्ज डॉलरच्या नोंदी उरल्या, असा त्या ब्युरोचा हिशेब होता. आणि त्याही संपूर्णपणे वगळाव्यात असा नियम त्याने जानेवारी २०२५ मध्ये केला. परंतु त्याच वर्षी ११ जुलै रोजी टेक्ससमधील केंद्रीय न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला, आणि सरकार पालटल्यानंतर खुद्द ब्युरोनेच त्या रद्दीकरणास संमती दिली होती, ही गोष्ट मला मनापासून खटकते. तिन्ही संस्थांनी घालून घेतलेले आधीचे नियम चालू आहेत. पण ते त्यांच्या मर्जीचे आहेत, कायद्याचे नव्हेत. काही राज्यांनी यापुढे जाऊन स्वतःचे कायदे केले. कोलोरॅडो व न्यूयॉर्क यांनी २०२३ मध्ये, आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून अशी नोंद करण्यासच बंदी घातली. न्यू जर्सी व इलिनॉय याही राज्यांत तसा कायदा आहे. मात्र केंद्रीय कायद्यापुढे राज्यांचे असे कायदे टिकत नाहीत, असे मत ब्युरोने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडल्याने हा वाद अद्याप मिटलेला नाही.

तेव्हा अहवालात अशी नोंद दिसल्यास तिला पुढील प्रश्न लावून पाहावेत. मूळ रक्कम ५०० डॉलरांच्या आतली आहे काय? देणे थकून अद्याप वर्ष व्हावयाचे आहे काय? ते आधीच, आपण किंवा विमा कंपनीने, फेडलेले आहे काय? सात वर्षांहून जुने आहे काय? ही सात वर्षे देणे मुळात थकल्यानंतर १८० दिवसांनी मोजावयास लागतात, आणि ते पुढे कितीही हातांतून विकले गेले तरी ती तारीख बदलत नाही. एखादी वसुली संस्था विकत घेतल्याची तारीख घालून जुने देणे ताजे करून दाखवीत असेल तर ते बेकायदेशीर आहे. यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, किंवा नोंद मुळातच आपली नसली, तर ज्या ज्या संस्थेच्या अहवालात ती आहे त्या प्रत्येकीकडे लेखी हरकत पाठवावी आणि तिला इओबी, पावती, रुग्णालयाचे पत्र, यांच्या प्रती जोडाव्यात. संस्थेने ३० दिवसांत चौकशी पुरी करावयाची असते. मध्यंतरी नवे पुरावे धाडल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. ज्याने नोंद पाठविली त्याला ती सिद्ध करता आली नाही तर ती काढावी लागते. हीच हरकत वसुली संस्थेकडेही सरळ पाठवावी, आणि दोन्हीकडून ठोकळेबाज उत्तर आले तर उपरोक्त ब्युरोकडे तक्रार नोंदवावी.

या अडचणीत सापडलेल्यांच्या असहायतेवर जगणारा एक धंदाही आहे. पैसे आगाऊ भरा, आम्ही अहवाल स्वच्छ करून देतो, असे सांगणाऱ्या कंपन्यांना काम पूर्ण होण्यापूर्वी मोबदला घेण्यास १९९६ च्या कायद्याने बंदी केलेली आहे. शिवाय त्या जे करतात ते सर्व रुग्ण स्वतः विनाशुल्क करू शकतो. आरोग्याविषयीच्या गोपनीयतेच्या कायद्याचा हवाला देणारे एक ठराविक पत्र पाठविले की नोंद हमखास नाहीशी होते, ही समजूत फार पसरलेली आहे. तिच्यावर विसंबू नये, कारण पैशांच्या वसुलीसाठी आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा तो कायदाच रुग्णालयांना देतो. २००३ च्या कायद्यानुसार अहवालात रुग्णालयाचे नाव उघड न करता सांकेतिक रूपाने दाखवावे लागते, तेवढे संरक्षण मात्र खरे आहे. पण सर्वांत मोठा धोका क्रेडिट कार्डाचा. रुग्णालयाचे बिल कार्डावर भरले की त्याच क्षणी ते औषधोपचाराचे देणे राहत नाही. ते साधे कर्ज बनते, त्यावर भरमसाट व्याज चढू लागते, आणि एक वर्षाची सवड, ५०० डॉलरांची मर्यादा, फेडल्यावर नोंद पुसली जाणे, ही सगळी संरक्षणे एकदम गळून पडतात. दवाखान्याच्या खिडकीवरच जे खास वैद्यकीय कार्ड आग्रहाने पुढे केले जाते त्याचीही गत हीच. रुग्णालयाशी बोलून बिनव्याजी हप्ते बांधून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

भेटीला गेलेल्या आईवडिलांविषयी एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. आकस्मिक विभाग असलेल्या रुग्णालयाने, १९८६ च्या कायद्याप्रमाणे, पैशांची चौकशी न करता प्रथम तपासणी व स्थिती स्थिर करण्याचे उपचार द्यावयाचे असतात. तेव्हा बिलाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नये. परंतु दाखल होताना जे कागद सहीसाठी समोर येतात ते मुलाने किंवा मुलीने वाचल्यावाचून स्वाक्षरित करू नयेत. केवळ पुत्र म्हणून वडिलांचे देणे सामान्यतः मुलावर येत नाही. ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून त्याने सही केली असेल तर मात्र ते त्याचे होते आणि पुढे त्याच्याच पतअहवालात चढू शकते. रुग्णाच्या वतीने सही करीत आहे, असे स्पष्ट लिहून सही करावी. प्रवासासाठी भारतातून घेतलेल्या विम्यात पूर्वीपासूनच्या दुखण्यांविषयीचे कलम निघण्यापूर्वीच वाचावे. मधुमेह व रक्तदाब असलेल्या साठीपुढील माणसाच्या बाबतीत सगळा क्लेम त्याच एका कलमावर अडकतो. आणि आर्थिक साह्याचा अर्ज याही वेळी करून पाहावा. कित्येक रुग्णालयांची धोरणे त्या परिसरात राहणाऱ्यांपुरतीच असतात, तरी सगळ्यांची तशी नसतात.

देणे खरे निघाले, सवलत मिळून जी रक्कम उरली ती मान्य झाली, म्हणजे ती भरण्यापूर्वी वसुली संस्थेकडून रकमेचा आकडा व ‘यात संपूर्ण देणे फिटले’ असे लेखी घ्यावे, आणि भरल्यानंतर बेबाकीचे पत्र मागून घ्यावे. साधारण दीड-दोन महिन्यांनी तिन्ही संस्थांचे अहवाल मागवून नोंद खरोखर गेली की नाही ते पाहावे. ‘ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट’ या अधिकृत संकेतस्थळावरून ते दर आठवड्याला एकदा विनाशुल्क मिळतात. त्यासाठी कोणी कार्डाचा क्रमांक मागितला तर ते ठिकाण दुसरेच कोणते तरी आहे असे समजावे. एका संस्थेकडून नोंद गेली आणि दुसरीकडे राहिली, असे वारंवार घडते, म्हणून तिन्ही पाहावे लागतात. एखादीकडे ती उरलीच असेल, तर बेबाकीच्या पत्राची प्रत जोडून तेवढीच हरकत पुन्हा पाठवावी.